ज्याचं त्याचं कडवं

नांदेडचा कार्यक्रम संपल्यावर चाहत्यांच्या रांगेत तेविसाव्या क्रमांकावर एक बाई उभ्या होत्या. पंचेचाळिशीच्या, महापालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर काम करणाऱ्या. त्यांनी सहीसाठी वही पुढे केली नाही. रेवती माळगेचा हात दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, "ते दुसरं कडवं नसतं ना, तर मी त्या घरात परत गेले असते."

"कुठलं कडवं?" रेवतीनं विचारलं.

"'उंबरा ओलांडलास, आता चपला शोधू नकोस.'" बाईंनी ओळ हलक्या आवाजात म्हणून दाखवली. चाल अगदी बरोबर होती. "मी खरंच अनवाणी निघाले होते हो. तुम्हाला कसं कळलं?"

अशी ओळ रेवतीनं कधी लिहिली नव्हती. तिनं बाईंचा हात थोपटला, "बरं झालं, गेला नाहीत," एवढंच म्हणाली. मागून चोविसावा माणूस पुढे सरकला.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या वाटेवर गाडीत तिनं ती ओळ इम्तियाजला सांगितली. इम्तियाज मुजावर तिचा संगीतकार. दोघंही इचलकरंजीचे, एकाच गल्लीतले. सतराव्या वर्षी रेवतीनं वडिलांच्या यंत्रमागाचा खडखडाट फोनवर टिपला, इम्तियाजनं तो संथ करून त्यावर सिंथेसायझरचे सूर चढवले, आणि त्या ठेक्यावर तिनं मराठीत गायला सुरुवात केली. त्याला आता सतरा वर्षं झाली होती. 'रेवा' हे नाव तेव्हापासून राज्यभर झालं होतं.

इम्तियाजनं ओळ ऐकली, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "चांगली हाय. आपल्याला सुचायला पायजे होती."

ती ओळ 'आपुलकी'ला सुचली होती.

'आपुलकी' हे श्रुतिवेध नावाच्या पुण्यातल्या कंपनीचं यंत्र. दिसायला साधी कानपट्टी. प्रेक्षागृहात शिरताना प्रत्येकानं ती कानामागं बसवायची. पट्टी कानामागच्या हाडातून आवाज पोचवते, त्यामुळे कान उघडेच राहतात. आणि आवाज पोचवता पोचवता ती माणूस वाचते. नाडीचा वेग, त्वचेवरचा दमटपणा, मानेच्या स्नायूंचा ताण, श्वास कुठं अडखळला ते. गाणं ऐकताना अंगावर काटा येतो तो केव्हा येतो, हे फार पूर्वीच शोधून काढलेलं होतं. मन पुढचा सूर कोणता येणार याचा अंदाज बांधत असतं. तो अंदाज किंचित चुकला, पण चुकून जे मिळालं ते अंदाजाहून गोड निघालं, की काटा येतो. प्रत्येकाचा अंदाज वेगळा, म्हणून एकाच सुरावर सगळ्यांना काटा येत नाही. श्रुतिवेधनं सरळ विचार केला: मग सूरच प्रत्येकाला वेगळा द्यावा.

पहिल्या वर्षी यंत्र फक्त लय आणि सुराची उंची बदलत असे, तेही केसाएवढं. रेवतीच्या आवाजाचे तीनशे तास त्याला शिकवले होते, त्यामुळे बदललेला सूर तिच्याच गळ्यातून आल्यासारखा लागे. दुसऱ्या वर्षापासून शब्द बदलू लागले. प्रेक्षक तिकीट काढताना परवानगी देई, यंत्र त्याचे जुने निरोप, फोटो, आवाजाची टिपणं वाचून ठेवी, आणि कडव्यातल्या मोकळ्या जागा त्यातून भरी. प्रेक्षागृहातल्या मोठ्या स्पीकरांतून फक्त ठेका वाजायचा. ठेका सगळ्यांचा एक, शब्द ज्याचे त्याचे. ओठ आणि शब्द जुळेनासे झाले तेव्हा रेवतीनं स्टेजवर बारीक दिव्यांची जाळी चेहऱ्यावर घ्यायला सुरुवात केली. पोरींनी ती फॅशन उचलली.

सगळं रेवतीच्या सहीनंच झालं होतं. तिला कुणी फसवलं नव्हतं. आधीची दोन वर्षं तिचे कार्यक्रम अर्धे रिकामे जात होते. आपुलकी आल्यावर चार-चार हजारांची प्रेक्षागृहं भरू लागली, लोक रडत बाहेर पडू लागले. गाणं लिहिण्याची रीत तेवढी बदलली. ती आता 'बीज' लिहायची: मुखडा, चाल, आणि कडव्याच्या जागी आठ-दहा रिकाम्या खुणा. एक बीज दुपारभरात होऊन जाई. पूर्वी एका गाण्याला तिला दोन महिने लागत.

लातूरच्या कार्यक्रमात तिनं एक गोष्ट करून पाहिली. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात ती गायची थांबली.

तोंड मिटून ती नुसती उभी राहिली. समोर चार हजार माणसं डोळे मिटून डोलत होती. प्रत्येकाचे ओठ हलत होते आणि कुणाचेही शेजाऱ्याशी जुळत नव्हते. पहिल्या रांगेतला एक म्हातारा मान हलवून कुणाला तरी नको नको म्हणत होता. त्याच्या शेजारची मुलगी हसत होती. चाळीस सेकंद गेले. पन्नास. मुखड्यावर रेवतीनं पुन्हा सूर लावला. टाळ्यांचा गजर झाला, पण तो कडवं संपल्याचा होता.

"थांबली होतीस तू," नंतर मेकअपच्या खोलीत इम्तियाज म्हणाला.

"हो. कुणाला कळलं?"

"मला."

"तुला सोडून. तुझ्या कानात खरा आवाज येतो."

"मग चार हजारांत एकटाच मी ऐकायलोय म्हण की तुला." तो तारा गुंडाळत राहिला. "मी अकोल्यापर्यंत येतो, रेवती. पुढं नाही. भांडण नाही बघ आपलं. नुसता ठेका वाजवायला मी कशाला पायजे?"

तो खोटं बोलत नाही, हे तिला चौथीपासून माहीत होतं.

अकोल्याला दुपारी आवाजाची चाचणी चालू असताना फाटकावरच्या माणसानं सांगितलं, एक गृहस्थ सकाळपासून बसून आहेत, सही नको म्हणतात, फोटो नको म्हणतात. रेवतीनं त्यांना आत बोलावलं. साठीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

"मी प्रल्हाद गावंडे. अकोटचा. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होतो, आता रिटायर झालो. तेजल माही पोरगी. नर्सिंगचं तिसरं वर्ष सोडून देल्लं तिनं. जिथं तुमचा कार्यक्रम, तिथं ते."

"काका, गाण्याची आवड असते एकेकाला—"

"गाण्याचं नाही जी." त्यांनी मान हलवली. "तिचा भाऊ, श्रेयस. दोन वर्सं झाले, अकोटच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून गेला तो. आता तो तुमच्या गाण्यातून तिच्यासंग बोलते. घरी आली की चार दिवस कोणाशी बोलत नाही पोरगी, मंग पुढच्या गावचं तिकीट काढते. मॅडम, तुम्ही तिले सांगा. बस झालं म्हणा. माहं नाही ऐकत, तुमचं ऐकन."

"तुम्ही ऐकलंय का हे, पट्टी लावून?"

"एकडाव." पिशवी दुसऱ्या हातात घेत ते म्हणाले, "मले त्यात पोरगा नाही आला ऐकू. दुसरंच आलं. ते जाऊ द्या."

तेजल अकोल्यातच एका मैत्रिणीकडे उतरली होती. रेवानं बोलावलंय म्हटल्यावर ती अर्ध्या तासात आली. बावीस वर्षांची, सडपातळ, हातात स्वतःची कानपट्टी डबीत घालून आणलेली. वडील आधीच निघून गेले होते, मी आलो होतो हे तिला कळायला नको असं तेच म्हणाले होते.

"मला ऐकवशील? तुझं गाणं?" रेवतीनं विचारलं.

तेजलनं क्षणभर डबीकडे बघितलं. मग पट्टीवर मागच्या कार्यक्रमाचं गाणं लावून दिलं आणि स्वतः रेवतीच्या कानामागं बसवली, हलक्या हातानं, सलाईनची सुई लावतात तशी.

रेवतीला स्वतःचा आवाज ऐकू आला. 'हलक्या पायांनी' हे तिचंच गाणं, चाल तिची, श्वास घेण्याची लकब तिची. पहिलं कडवं थोडंफार ओळखीचं. दुसऱ्यात सूर अर्धा खाली उतरला आणि आवाज म्हणाला:

*पोचलो गं तेजू, पोचलो मी,*
*रस्ता सारा मोकळा होता...*

'पोचलो'च्या 'लो'वर आवाज एवढासा चिरकत होता. रेवतीच्या दंडावर काटा उभा राहिला. तिनं मुद्दाम तो बघितला.

"तो कुठंही गेला तरी 'पोचलो' म्हणून निरोप टाकायचा," तेजल म्हणाली. "त्या दिवशी आला नव्हता. मी संध्याकाळपर्यंत वाट बघितली. मग हॉस्पिटलमधून आला. फोन." तिनं डबी मिटली. "छान आहे ना मॅम?"

"खूप," रेवती म्हणाली. ते खरं होतं. ओळ बिनचूक होती, आणि सहा वर्षांत तिला स्वतःला एवढं चांगलं काही सुचलं नव्हतं. पोरीबद्दल वाईट वाटण्याच्या आधी तिला हे वाटून गेलं, आणि हेही तिच्या लक्षात आलं. "पण हे मी लिहिलेलं नाही, तेजल."

"माहितीये मला. मशीन बदलतं. पण आवाज तुमचा आहे ना? तुम्ही म्हणता म्हणून खरं वाटतं."

त्या संध्याकाळी कार्यक्रमाच्या आधी रेवतीनं डॉ. ईशान पोंक्षे यांना फोन लावला. आपुलकीचं मूळ गणित त्यांचं. बोलायला शांत माणूस. त्यांनी तेजल गावंडेची नोंद काढली.

"यांचा प्रतिसाद विलक्षण आहे. महाराष्ट्रात पहिल्या शंभरात."

"तिचं दुःख कमी झालं तर?"

"तर प्रतिसाद उतरेल. मग यंत्र दुसरं काही शोधेल."

"म्हणजे आणखी दुखेल असं."

"यंत्राला दुःख कळत नाही, रेवतीताई. त्याला चढउतार कळतो. उतार आला की ते चढ शोधतं."

"मग ते तिचं दुःख कमी होऊच देणार नाही."

मग पोंक्षे म्हणाले, "माझी आई गेली तीन वर्षं मला ओळखत नाही. पट्टी लावून तुमचं गाणं लावलं की ओळखते. वीस मिनिटं. लहानपणच्या नावानं हाक मारते. मी ते बंद करू का?"

रेवतीनं त्यांच्या आईची तब्येत विचारली आणि फोन ठेवला. त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी गायली.

पण पुढचा कार्यक्रम तीन दिवसांनी अमरावतीला होता. तिनं तेजलला सांगितलं, "माझ्याबरोबर थांब. श्रेयसचं गाणं करू. मी लिहिते, तू सांग. शब्द एकदा ठरले की बदलायचे नाहीत." इम्तियाज परतीच्या तिकिटाचं बघत होता, त्यानं ते रद्द केलं. का, ते सांगितलं नाही.

हॉटेलच्या खोलीत छोटा कीबोर्ड मांडून तिघं बसले. पहिल्या दुपारी काही जमलं नाही. तेजल जे सांगायची ते सगळं गाण्यातून ऐकलेलं होतं: श्रेयस प्रेमळ होता, श्रेयस काळजी घ्यायचा, श्रेयस लांब गेला नाही.

इम्तियाजनं कीबोर्डवरचा हात काढला. "माझा धाकटा भाऊ हाय," तो म्हणाला, "एक नंबरचा हलकट. माझे बूट घालून लग्नाला गेला आणि तिथंच सोडून आला. तुझा काय देव होता काय?"

तेजल त्याच्याकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "माझा चार्जर मोडला त्यानं."

"कसा?"

"पिन वाकवली. नवा होता. वर म्हणतो, आधीच वाकडा होता. त्यावरून भांडण. म्हणून तो निघाला तेव्हा मी दारापर्यंत गेले नाही. आत पोळ्या लाटत बसले." ती बोलतच गेली. तो बारावीला दोनदा नापास झाला आणि दोन्ही वेळा घरी पास सांगितलं, तिनं त्याच्या वतीनं खोटं बोलून निभावलं. आंघोळीला गेला की तासभर बेसूर शीळ घालायचा. तिच्या मैत्रिणींना नावं ठेवायचा. शेवटच्या वर्षी तर ती त्याला कंटाळली होती.

रेवती लिहीत होती. "'वाकडी केलीस पिन, शहाण्या—'"

"शहाण्या नाही. येड्या."

"'वाकडी केलीस पिन, येड्या, अजून धरून बसते फोन.' पुढं?"

"मी दाराशी आले नाही, ते."

"'दाराशी नव्हते आले मी, रागात लाटत होते पोळी.'"

"पोळी करपली होती," तेजल म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा पट्टीशिवाय रडली.

दुसऱ्या दुपारी गाणं पूर्ण झालं. चार कडवी. रेवतीनं ते एकदा गाऊन टिपलं. संपल्यावर इम्तियाज काही बोलला नाही, कीबोर्डच्या कडेवर बोट फिरवत राहिला. सतरा वर्षांत तो तसा फक्त दोनदा गप्प बसला होता. गाणं किती चांगलं झालंय, हे रेवतीलाही कळलं होतं. तिच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता: हे कुठं गायचं, कसं उघडायचं, जाळी न घेता एकच दिवा ठेवून.

"हे गाऊ नका," तेजल म्हणाली.

"अगं, पण—"

"यात तो जसा होता तसा आहे. बाबांनाही बारावीचं माहीत नाही अजून. लोकांना कशाला?" ती घाबरलेली नव्हती, अजिजीनंही बोलत नव्हती. "हे आमच्या घरचं आहे, ताई."

ती पहिल्यांदाच ताई म्हणाली होती.

रेवतीनं वहीतली पानं फाडून तेजलला दिली. इम्तियाजनं टिपलेलं गाणं तिच्या फोनवर पाठवलं आणि तिच्यासमोर आपल्याकडून पुसलं. ती गेल्यावर तो म्हणाला, "चाल मात्र डोक्यात ऱ्हाणार."

"राहू दे. गायची नाही."

अमरावतीनंतर नागपूर झालं आणि करार संपला. रेवतीनं नव्यावर सही केली नाही. तिचा आवाज मात्र आणखी पाच वर्षं श्रुतिवेधकडेच होता, ते कलम तिनं स्वतः वाचून मान्य केलेलं. दोन महिन्यांत 'रेवा: आपुलकी दौरा' पुन्हा सुरू झाला. स्टेजवर नुसती दिव्यांची जाळी, मागे ठेका. प्रेक्षागृहं पूर्वीसारखीच भरत होती. कुठल्याशा मुलाखतीत पोंक्षेंनी तिचे आभार मानले, आणि ते मनापासून होते.

ती आणि इम्तियाज मिरजेच्या एका हॉलमध्ये गायले तेव्हा एकशे चाळीस माणसं आली. कानपट्ट्या कुठं मिळतात म्हणून दारावर विचारत होती. 'हलक्या पायांनी' सुरू झाल्यावर तिसऱ्या रांगेतून एक मुलगी उठून गेली. जाताना दारावरच्या माणसाला म्हणाली, हे ते गाणं नाही. रेवतीनं ते नंतर ऐकलं आणि मनात म्हटलं, तिचं बरोबर आहे. आता एका गाण्याला तिला पुन्हा दोन महिने लागत होते. कधी तीन.

मार्चमधल्या एका सकाळी तेजलचा फोन आला. आठ महिन्यांनी.

"ताई, रागावू नका," ती म्हणाली. "मी जायचं सोडलं नव्हतं. तुमच्या नंतरही जात होते. कालही गेले. अमरावतीला."

"मी कशाला रागावू?"

"काल गाण्यात त्यानं माझी माफी मागितली. चार्जरची. गोड आवाजात, दोनदा." तेजल हसली की काय, ते फोनवर नीट कळलं नाही. "ताई, तो जन्मात कुणाला सॉरी म्हणाला नाही हो. चुकला की मागून येऊन डोक्यात टपली मारायचा आणि पळायचा. तेवढंच. मी तिथंच म्हटलं, हा आमचा श्रेयस नाही. दुसराच कोणीतरी आहे. पट्टी काढून खुर्चीवर ठेवली."

"मग?"

"मग नुसता ठेका. धप धप. आणि आजूबाजूला सगळे पुटपुटताहेत आपापलं. मला एकदम भूक लागली. उठून बाहेर आले तर पार्किंगमधून कोणीतरी हाक मारली. बाबा होते. कट्ट्यावर बसलेले, डबा घेऊन."

"ते कसे काय तिथं?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाले, मी तर दर वेळी असतो. नांदेडला, लातूरला, सोलापूरला. एस.टी.चा पास आहे ना त्यांना. मी आत जायचे, ते बाहेर बसायचे, मी निघाले की पुढच्या गाडीनं मागे यायचे. दोन वर्षं, ताई. मला पत्ताच नव्हता."

रेवतीनं विचारलं, "मग आजवर हाक का नाही मारली?"

"तेही विचारलं मी," तेजल म्हणाली. "तर म्हणाले, 'दर वेळी तू रडून बाह्यर येत होती, म्हून आवाज नाही देल्ला. आज नव्हती रडली.'"